साहेबाचा आवाज आणि आपला पैसा

३० डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने मोबाईलवरून पैशाची देवघेव करण्याचे एक ॲप काढले व त्यास 'भीम' हे नाव दिले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या महापुरुषाचे नाव पैशाच्या व्यवहारास मिळावे, हे उचितच झाले. परंतु नाव बाबासाहेबांचे आहे म्हणून या मार्गावर चोर नाहीत, असे कोणी समजू नये. जळगाव व धुळे जिल्ह्यांत केळीच्या बागेत राबणारा मजूर, भुसावळचा सेवानिवृत्त रेल्वे कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी, या सर्वांच्या खिशात आज बँक आली आहे आणि तिच्या मागोमाग ठकही आला आहे.

पूर्वीच्या ठकाला निदान दुकान तरी मांडावे लागे. जळगावच्या बी. एच. आर. पतसंस्थेच्या चालकांना २०१५ साली अटक झाली, तेव्हा जाब कोणत्या दारी विचारावयाचा एवढे तरी ठेवीदारांस ठाऊक होते. आजच्या ठकाला दार नाही. त्याला केवळ आवाज आहे, आणि तो आवाज नेहमी साहेबाचा असतो. कधी तो बँकेचा साहेब असतो, कधी शिष्यवृत्तीच्या कचेरीतील, कधी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करून देणारा. आमच्या मते या चोरीचे मर्म येथेच आहे. पिढ्यानपिढ्या आम्हांस साहेबापुढे 'होय जी' एवढेच म्हणावयास शिकविले गेले. धर्मांतराने देवळापुढे वाकणारी मान ताठ झाली; फोनवरच्या साहेबापुढे मात्र ती अजून वाकते.

अलीकडे हा साहेब पोलिसाचा गणवेश चढवून व्हिडिओवर येतो आणि 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात' असे दरडावतो. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा लेख साक्षीदारासमक्ष झाला पाहिजे. शिवाय संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने वकिलाचा सल्ला घेण्याचा व चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क दिला आहे. पैसे भरून सुटका ही खंडणी होय. फोन ठेवून द्यावा.

दुसरी गोष्ट पिनची. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो केवळ देण्यासाठी लागतो. 'पैसे जमा करतो, पिन टाका' असे म्हणणारा चोरच होय. आणि ज्या मायबहिणी केंद्रावर अंगठा लावून पैसे काढतात, त्यांनी रक्कम मोठ्याने वाचून घ्यावी, पावती मागावी व 'उमटला नाही, पुन्हा लावा' म्हटल्यास का ते विचारावे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर आजोबांनी उठविलेल्या अंगठ्याची किंमत आम्ही मोजलेलीच आहे. आधारवरील अंगठ्याची ओळख कुलूपबंद करून ठेवता येते. घरातील शिकलेल्या मुलाने हे काम आजच करावे.

मात्र शिकलेल्या मुलांविषयीच आम्हांस अधिक चिंता वाटते. दोनपाच हजारांच्या लोभाने काही तरुण आपले बँक खाते, एटीएम कार्ड व सिम परक्याच्या हवाली करतात. लुटीचा पैसा त्याच खात्यातून वाहतो. ठक परप्रांतात बसतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. 'मला ठाऊक नव्हते' एवढ्या उत्तराने फौजदारी खटला सुटत नाही. ज्या घरातून पहिलाच पदवीधर निघावयाचा, तेथून आरोपी निघावा, याहून मोठी हानी कोणती?

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. फसलेला मनुष्य गुन्हेगार नव्हे. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी तो रोखता येतो, म्हणून येथे घटकेघटकेला मोल आहे. नंतर बँकेस लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेले तत्त्व असे की, दोष बँकेचा असेल, किंवा तिऱ्हाइताचा असून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर जबाबदारी नाही, आणि जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पिन स्वतः सांगितला असला तरी कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. 'गुन्हा आमच्या हद्दीत नाही' असे ठाण्यात सांगितल्यास हद्द न पाहता गुन्हा नोंदविण्याची तरतूद त्याच संहितेच्या १७३ व्या कलमात आहे, ते कलम दाखवावे.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामी धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या स्मृतीसाठी दरवर्षी तेथे खानदेशातील जनता लोटते. येत्या ३१ जुलैस दोन्ही जिल्ह्यांतील वकील बांधवांनी तेथे एक टेबल मांडावे, तक्रारीचे कोरे नमुने ठेवावेत व ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तेथेच लिहून द्यावेत.