प्रश्न विषयास धरून आहे काय?

वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें कांहीं निराळेंच विचारलें म्हणजे "तें विषयाबाहेरचें आहे, खालीं बैस," असें म्हणणें आम्हां शिक्षकांस फार सोपें जातें. प्रस्तुत लेखकानेंही तें पुष्कळदां म्हटलें आहे. परंतु विषयाची सीमा कोणी व कशी आंखावी, याचा विचार आपण क्वचितच करितों.

शेतकऱ्यांच्या शंकांस दूरध्वनीवरून उत्तरें देण्याकरितां सरकारनें 2004 सालीं किसान कॉल सेंटर सुरू केलें. तेथें शेतकीचे पदवीधर शेतकऱ्याशीं त्याच्याच भाषेंत बोलतात. त्यांस न सुटणारा प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे जातो. अशा ठिकाणीं मर्यादा हवीच. घरच्या भाऊबंदकीचा वाद तेथें मांडला, तर ज्याच्या कपाशीवर कीड पडली आहे त्याचा वेळ जातो. आणि कायदा न जाणणाऱ्यानें कायद्याचा सल्ला दिला, तर ऐकणाऱ्याचें नुकसान होतें.

तथापि सर्वच प्रश्न इतके सरळ नसतात. 2017 सालीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें कपाशीची नासाडी केली. या अळीस आळा बसावा म्हणून हंगाम वेळेवर संपवावा, फरदड घेऊं नये, असें शास्त्र सांगतें; कारण उभ्या पऱ्हाटीवर तिला अन्न व आश्रय मिळत राहतो. आतां आपल्या अकोल्याकडील एखाद्या शेतकऱ्यानें विचारलें, "फरदड मोडली तर उधारी कशी फेडूं?" तर हा प्रश्न कीटकशास्त्राचा कीं सावकारीचा? त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले. "फवारतांना डोळ्यांपुढें अंधारी येते," असें कोणी सांगितलें, तर तें वैद्यकाचें म्हणून फोन खालीं ठेवावयाचा काय?

आमच्या मतें प्रश्न आपल्या ज्ञानानें सुटतो कीं नाहीं, एवढेंच पाहावें. तो आपणांस अडचणीचा वाटतो म्हणून त्यास बाहेरचा ठरवूं नये. जेवढा भाग आपला, तेवढ्याचें उत्तर द्यावें: फवारणी तत्काळ थांबवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणानें धुवा, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गांठा. उरलेला भाग ज्याच्याकडे सुटेल त्याचें ठिकाण सांगावें. आपलें दार लावून घेणें निराळें, आणि पुढचें दार दाखवून देणें निराळें.

विद्यार्थी मित्रहो, प्रश्नकर्त्यावरही जबाबदारी आहेच. पीक कोणतें, किती दिवसांचें, त्यावर काय व किती फवारलें, हें नीट सांगा. अर्धवट प्रश्न विषयांतला असला तरी निरुत्तर राहतो. पालकांनीं घरीं, व आम्हीं शाळेंत, "हें विचारूं नको" असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. ज्याला एकदां गप्प बसविलें, तो पुढें खरोखर विचारावयास हवें तेव्हांही विचारीत नाहीं.