मिक्श्चर स्क्रूची ओ-रिंग
कार्ब्युरेटर खोलणारे पुष्कळ, पण त्याचे सील नीट बसवणारे थोडे, आणि मला खरं कौतुक या थोड्यांचंच वाटतं. 2009 साली बजाजने पल्सर 220 चं इंजेक्शन काढून तिला सीव्ही कार्ब्युरेटर दिला. त्या गाड्या आज दुरुस्तीला येतात तेव्हा पितळी जेट बहुधा शाबूत असतात, म्हातारं झालेलं असतं ते रबर. मिक्श्चर स्क्रूचंच घ्या. त्याच्यावर आधी स्प्रिंग, मग इवलासा वॉशर, शेवटी ओ-रिंग. वॉशर गाळला की स्प्रिंगचं टोक ओ-रिंग कुरतडतं, तिथून हवा शिरते आणि आयडलिंग काही केल्या स्थिर होत नाही. जुनी ओ-रिंग कित्येकदा भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवी ढकलू नका, वाकवलेल्या बारीक तारेने अलगद काढा. डायफ्रॅमची कडा खाचेत पूर्ण बसल्याशिवाय झाकण आवळलं तर ती चिमटून फाटते. फ्लोट बाऊलच्या गॅस्केटला सिलिकॉन फासण्याची सवय तर मोडलीच पाहिजे: पेट्रोलमध्ये ते फुगतं, तुकडे सुटतात, पायलट जेट तुंबतो. क्लीनर स्प्रे मारायचा तो सगळं रबर बाहेर काढूनच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून ओ-रिंग व्हायटॉनच्या मागा, दुकानदार कुरकुरला तरी. बाऊलचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा, आणि कार्ब्युरेटर गाडीवर चढवण्याआधी बाऊलमध्ये पेट्रोल सोडून गळती पाहून घ्या.