पालकांच्या विनंतीवरून

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. त्यात पुष्कळदा 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले आढळते. अध्यापनात काही वर्षे काढलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की, या निरुपद्रवी शब्दांच्या आड कधी दारिद्र्य असते, कधी वडिलांची बदली असते. आणि आठवी-नववीतल्या मुलीच्या बाबतीत कित्येकदा केवळ रस्ता असतो. शाळेकडे जाणारा रस्ता, त्यावरील पानाची टपरी, आणि तेथे रोज ठरल्या वेळी उभी राहणारी चार टवाळ पोरे! त्यांची नावे कोणत्याही दाखल्यावर येत नाहीत. पटावरून नाव कमी होते ते मुलीचे.

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव 1724 च्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकांत आले. निजामुल्मुल्काने तेथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत निजामाच्या राज्याचा पाया घातला गेला. हे गाव ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे ठिकाण सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंची जन्मभूमी. दरवर्षी 12 जानेवारीला तेथे लाखो लोक माथा टेकावयास जातात. अशा मुलखातील साखरखेर्ड्यासारख्या मोठ्या गावांत आसपासच्या खेड्यांतील मुली शिकावयास येतात. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एस. टी.चा प्रवास मोफत आहे. मार्च 2023 पासून सर्वच महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. या सवलती स्तुत्य आहेत यात शंका नाही. परंतु गाडीतून उतरल्यानंतर शाळेच्या फाटकापर्यंत मुलीला जी किंमत मोजावी लागते, ती कोणत्याही योजनेने माफ झालेली नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे म्हणण्यास जागा उरलेली नाही. 1860 च्या दंडसंहितेतच शब्दाने वा हावभावाने स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणे हा गुन्हा ठरविला होता. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या संरक्षणासाठी 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. 2013 च्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तो 78 व्या कलमाखाली कायम आहे. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत व पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कलमे आहेत, शिक्षा आहे. नाही ती तक्रार.

तक्रार का होत नाही? आमच्या मते, याचे उत्तर पोलीस ठाण्यात नसून घरात आहे. छळ झालेल्या मुलीचे पहिले न्यायालय म्हणजे तिचे घर, आणि तेथे निकाल काय लागणार हे तिला आधीच माहीत असते: 'उद्यापासून शाळा बंद.' मग वर्षा-दोन वर्षांत स्थळ पाहावयाचे. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला, असा हा न्याय आहे. तेव्हा मुलगी गप्प राहते, खाली मान घालून लांबच्या वाटेने जाऊ लागते, आणि तिच्या मौनाला संमती समजून टवाळखोर अधिक धीट होतो.

या बापाला आम्ही क्रूर म्हणत नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला लेकीच्या मागे पहारा ठेवता येत नाही, आणि गावाचे तोंड धरता येत नाही. त्याची भीती खरी आहे. 3 फेब्रुवारी 2020 रोजी हिंगणघाट येथे सकाळी महाविद्यालयात शिकवावयास निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला, तिच्या मागे लागलेल्या इसमाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटविले. आठवड्याने तिचा अंत झाला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 रोजी, न्यायालयाने आरोपीस जन्मठेप दिली. अशी वार्ता वाचलेल्या बापाचे काळीज हलले तर नवल नाही. परंतु त्या घटनेचा बोध मुलींनी घरी बसावे हा नव्हे. मागे लागणाऱ्याला पहिल्या दिवशीच अडवावे, हा आहे.

1848 साली सावित्रीबाई फुले पुण्यात शिकवू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर रस्त्यात चिखल आणि शेण फेकले जाई. बदलण्यासाठी दुसरे लुगडे बरोबर घेऊन त्या शाळेत जात राहिल्या. या प्रसंगात त्यांच्या धैर्याइतकीच लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, जोतीरावांनी त्यांना 'आता घरी राहा' असे म्हटले नाही. पुढे 1882 मध्ये याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारले की, जे दोष स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? तो प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

आमच्या शहरी वाचकाने ही खेड्याची व्यथा समजून पान उलटू नये. गर्दीच्या लोकलमध्ये, बसमध्ये, शिकवणीच्या वर्गाबाहेर हेच चालते. आणि सुशिक्षित घरांतही 'तू त्या वाटेने गेलीसच कशाला?' हाच पहिला प्रश्न विचारला जातो. या अपराधाला आपण 'छेडछाड' असे खेळकर नाव दिले आहे. नकार देणाऱ्या नायिकेच्या मागे गाणी म्हणत फिरणाऱ्या नायकाला आपण पिढ्यान् पिढ्या टाळ्या दिल्या आहेत. टपरीवरचा पोरगा हे सारे कोठे शिकला, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. दाखला मागावयास आलेल्या पालकाला मुख्याध्यापकांनी आधी खुर्ची द्यावी आणि रस्त्यावर काय घडले ते विचारावे. मग शाळा समितीचे सदस्य व सरपंच यांना बरोबर घेऊन त्या टपरीपर्यंत जावे. ठाणेदाराने शाळा भरताना व सुटताना एक शिपाई त्या वाटेवर दिसेल असे पाहावे. वाहकाने गाडीतील दांडगाई पाहून दुसरीकडे तोंड फिरवू नये. ज्यांची पोरे तेथे उभी असतात, त्या बापांनाही जाब विचारला जावा. आजवर तो केवळ मुलीच्या बापाने दिला आहे.

आणि प्रत्येक घरात मुलीला आजच एक वचन दिले जावे: तू काहीही सांगितलेस तरी तुझी शाळा थांबणार नाही. हे वचन मिळेल त्या दिवशी ती बोलेल. ती बोलली, तरच कायद्याची ती सारी कलमे जागी होतील.