वाटखर्ची कोणाची?

शेजारच्या देशात जाऊन तेथील हकीगत लिहू म्हणणाऱ्या वार्ताहराला दोन गोष्टी लागतात. एक पैसा आणि दुसरा व्हिसा. पैकी पहिल्या गोष्टीची सोय करणाऱ्या संस्था आता जगात पुष्कळ झाल्या आहेत. हवाई बेटांवरील ईस्ट-वेस्ट सेंटर १९६७ पासून जेफरसन फेलोशिपच्या नावाने आशियाई व अमेरिकी पत्रकारांना प्रवास घडवीत आले आहे. ब्रुसेल्सच्या जर्नलिझमफंडची सीमापार शोधकार्याच्या अनुदानासाठी अटच अशी की, निदान दोन देशांतल्या पत्रकारांनी मिळून अर्ज करावा. पर्यावरणाच्या बातम्यांपुरती अशीच मदत अर्थ जर्नलिझम नेटवर्क देते. गाडीभाडे, विमानभाडे, मुक्काम, दुभाष्याची मजुरी, सारे मिळते. असे असता भारत आणि पाकिस्तान या दोन देशांत, जेथे अशा बातमीची निकड सर्वांत मोठी, तेथे वार्ताहर जात-येत का नाहीत? ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला हा प्रश्न दिल्ली-इस्लामाबादचा वाटेल. माझ्या मते तो आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

सीमेपलीकडून लिहिलेली बातमी म्हणजे काय, हे संस्थानी मुलखातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि झाशी इंग्रजांकडे गेली, तेव्हापासून येथून झाशीला जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. संस्थानांतली गाऱ्हाणी संस्थानात छापणे कठीण; ती छापायची तर इंग्रजी हद्दीत. काठेवाडातल्या संस्थानांची कुलंगडी बाहेर काढणारे अमृतलाल शेठ यांचे ‘सौराष्ट्र’ पत्र राणपुराहून निघे, कारण राणपूर हा इंग्रजी अमलातला तुकडा होता. या लिखाणाचा दरबारांना एवढा जाच झाला की १९२२ साली संस्थानिकांना वृत्तपत्रांपासून संरक्षण देणारा कायदा आला. मध्यवर्ती असेंब्लीने तो मांडूसुद्धा दिला नाही, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो पुढे रेटला. सीमेपलीकडच्या लेखणीची भीती वाटणारे सरकार ही काही आजची उपज नव्हे.

आणि वाटखर्चीचे म्हणाल, तर मराठीतल्या एका फार मोठ्या वृत्तांताच्या मुळाशी ग्वाल्हेरच्याच थैलीची आशा होती. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजलेले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा वाटणार, अशी वार्ता कानी आली म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले. दक्षिणा राहिली बाजूला आणि भटजी बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, वाटेत ते लुटले गेले, आणि घरी परतले ते फारसे काही न घेता. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले, तोवर भटजी हयातही नव्हते. दक्षिणा ठरल्याप्रमाणे हाती पडली असती तर त्या पुस्तकात दात्याच्या स्तुतीची किती पाने गेली असती, असे माझ्या मनात पुष्कळदा येते. (हा माझा चावटपणा समजावा, भटजी मोठे सरळ गृहस्थ होते.)

आता आजची स्थिती पाहू. बरीच वर्षे एक अलिखित वहिवाट होती की इस्लामाबादेत भारताचे दोन बातमीदार राहावेत, एक प्रेस ट्रस्टचा आणि एक ‘द हिंदू’चा. त्यांनाही शहराबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसे. हा धागा मे २०१४ मध्ये तुटला. ‘हिंदू’च्या मीना मेनन आणि प्रेस ट्रस्टचे स्नेहेश अ‍ॅलेक्स फिलिप यांना कारण न देता आठवड्याभरात निघून जाण्यास सांगण्यात आले. मेनन मूळच्या मुंबईच्या वार्ताहर. जेमतेम नऊ महिन्यांच्या त्या वास्तव्यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. चीनशीही २०२३ साली हेच घडले. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या बातमीदारांचे व्हिसे अडवले आणि अखेर पेकिंगला भारताचा बातमीदार उरणेच कठीण झाले. सार्क राष्ट्रांनी १९९२ साली काढलेल्या व्हिसा-सवलतीच्या योजनेत २४ प्रकारचे लोक होते, त्यांत पत्रकारही होते. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने ती सवलत पाकिस्तानी नागरिकांपुरती रद्द केली, अटारीचा नाका बंद केला. पाकिस्ताननेही तसेच उत्तर दिले.

एरवीही या दोन देशांतला व्हिसा देशाचा नसतो, शहराचा असतो. ज्या गावांची नावे त्यावर लिहिली, तेवढ्याच गावी जायचे, पोचल्यावर पोलिसांत हजेरी द्यायची, निघताना पुन्हा द्यायची. लाहोरचा एखादा संगीतप्रेमी पत्रकार तानसेनाच्या समाधीवर लिहू म्हणेल, तर ग्वाल्हेर हे नाव त्याच्या कागदावर निराळे चढावे लागेल, आणि लष्करी विमानतळ असलेल्या गावाचे नाव कोणता अधिकारी खुशीने चढवील?

याचे फळ काय मिळते ते मे २०२५ मधल्या त्या रात्री आपण सर्वांनी घरोघरी पाहिले. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले, अमुक शहर पडले, तमुक शहरात आपले सैन्य शिरले, असे आपल्या काही वाहिन्या ओरडून सांगत होत्या. सकाळी त्यातले काही खरे नव्हते. पलीकडच्या वाहिन्यांनीही आपल्या परीने तोच उद्योग केला. कराचीच्या बंदरावर जाऊन ‘येथे धूर नाही’ एवढे एक वाक्य लिहून धाडणारा एकही आपला माणूस तेथे नव्हता. दोन अणुबाँबधारी शेजारी भांडत असता ही उणीव केवळ पत्रकारितेची म्हणता येणार नाही.

परंतु युद्धापेक्षा साध्या गोष्टीत ही उणीव अधिक जाचते. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, सागरी हद्दीपलीकडे गेल्याच्या आरोपावरून धरले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात. तिकडचे कोळी आपल्या तुरुंगांत असतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव असते, पण माणूस कसा आहे हे यादीत नसते. शिक्षा संपूनही सुटका का झाली नाही, औषध मिळते की नाही, मेला तर प्रेत घरी पोचायला किती आठवडे लागतात, हे विचारायला कराचीचा वार्ताहर मलीरला जाऊ शकतो आणि मुंबईचा वार्ताहर पालघरला. दोघांचे कागद एकत्र आले तरच ती बातमी पुरी होते.

असे कागद एकत्र आल्याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. हमीद अन्सारी हा तरुण अभियंता २०१२ साली अफगाणिस्तानातून पाकिस्तानात गेला आणि नाहीसा झाला. मुंबईत त्याची आई दारोदार हिंडत होती. लाहोरच्या झीनत शहजादी या वार्ताहर स्त्रीने ते प्रकरण हाती घेतले, आईच्या वतीने तेथे अर्ज केले. ऑगस्ट २०१५ मध्ये झीनतच नाहीशी झाली. सापडली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये. अन्सारी डिसेंबर २०१८ मध्ये वाघ्यावरून परत आला. या साऱ्या प्रकरणात सीमा ओलांडून कोणी वार्ताहर गेला नव्हता. गेला तो पत्रव्यवहार, आणि त्याची किंमत भरली ती स्थानिक वार्ताहराने. वाटखर्चाच्या अनुदानांचे छापील तक्ते मी पाहिले आहेत. त्यांत पाहुण्याच्या विम्याचा रकाना असतो. पाहुणा परतल्यावर जो मागे राहतो, त्याच्यासाठी रकाना पाहिल्याचे मला स्मरत नाही.

एक तरुण वार्ताहर मित्र असाच एक परदेशी अर्ज घेऊन मध्यंतरी माझ्याकडे जयेंद्रगंजात आले. “काका, भरू का?” म्हणाले. मी म्हटले, आधी कायदा वाचा. आपल्याकडे परकीय देणग्यांवरचा कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० साली तो नव्याने झाला, तरी एक कलम कायम राहिले: नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांनी परकीय देणगी घ्यायची नाही. पगार, किंवा केलेल्या कामाचा रास्त मोबदला, याला सूट आहे. गंमत अशी की परकीय पाहुणचार, म्हणजे प्रवासखर्च, राहणेजेवणे, यासाठी त्याच कायद्यात निराळे कलम आहे. त्यात आमदार-खासदार, पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर यांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते, पण वार्ताहराचा उल्लेख त्या यादीत नाही. म्हणजे तिकीट हाती ठेवले तर एक न्याय आणि तिकिटाचे पैसे ठेवले तर दुसरा. ही रेघ वकिलाला दाखवल्याशिवाय कोणत्याही तरुणाने ओलांडू नये.

कायद्याचा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. शीतयुद्धाच्या काळात मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघेही आपल्या लेखकांना व संपादकांना हौसेने बोलावीत. ‘सोव्हिएत लँड’च्या नेहरू पुरस्कारासोबत रशियाची वारी असे. परत आल्यावर लिहिलेली प्रवासवर्णने आज उघडून पाहावीत. यजमानांच्या सामुदायिक शेतीवरील गाईंचे दूध त्यांत दुथडी भरून वाहते आणि तुरुंगांचा पत्ता नसतो. खोटे लिहा असे कोणी सांगत नसे. जेथे नेले तेथे गेले, जे दाखवले ते लिहिले, एवढेच. तेव्हा पैसा कोणाचा या प्रश्नाइतकाच, वाट कोणी आखली हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००४ साली साफमा या दक्षिण आशियाई पत्रकार संघटनेमार्फत पाकिस्तानी पत्रकार जम्मू-काश्मिरात आले आणि आपले पत्रकार पलीकडच्या काश्मिरात गेले. ही मोठीच गोष्ट झाली, पण तेथेही जथा होता, कार्यक्रम होता, सरकारांची संमती होती. आपल्याच गावचे अटलबिहारी वाजपेयी, जे राजकारणात येण्याआधी ‘राष्ट्रधर्म’ व ‘पांचजन्य’चे संपादक होते, २० फेब्रुवारी १९९९ रोजी बसने लाहोरला गेले, तेव्हा कुलदीप नय्यर त्यांच्या बसमध्ये होते. त्या बसमधून पाहिलेले लाहोर खरे होते. काही महिन्यांत उघडकीला आलेले कारगिल त्या खिडकीतून दिसण्यासारखे नव्हते.

म्हणून माझे मत असे की, या दोन देशांपुरते तरी परक्या थैलीकडे पाहणे सोडावे आणि एकट्याच्या प्रवासाचा आग्रहही तूर्त सोडावा. युरोपातल्या अनुदानाची जोडीची अट तेवढी उचलावी. एक वार्ताहर इकडचा, एक तिकडचा. दोघांनी आपापल्या गावात हिंडावे, आपापल्या वृत्तपत्राने आपापल्या माणसाचा खर्च सोसावा, कागद एकमेकांना धाडावेत आणि दोन्हीकडे एकच मजकूर छापावा. यात सीमेवरून पैसा जात नाही आणि व्हिसाही लागत नाही. लाहोर आणि दिल्ली यांच्यावर दर हिवाळ्यात एकच धुके बसते. त्याची बातमी अशी लिहिता येईल. मलीरची आणि पालघरची तर लिहायलाच हवी.

ग्वाल्हेरलाही यात भाग घेता येईल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरला. बाळकृष्णबुवांकडून घेतलेली ग्वाल्हेरची तालीम त्यांनी रावीच्या काठी नेली. सिंधमध्ये उस्ताद मंजूर अली खाँ ग्वाल्हेर घराण्याचे गवई म्हणून मानले गेले. कराचीच्या नारायण जगन्नाथ विद्यालयाला, जेथे पूर्वी सिंधची विधानसभाही भरत असे, नाव मिळाले ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यावरून. लाहोरच्या त्या विद्यालयाच्या जागी आज काय आहे, सिंधमध्ये ग्वाल्हेरची तालीम आज कोण देतो, हे तिकडच्या वार्ताहराने शोधावे. हद्दू खाँ-हस्सू खाँची परंपरा येथे कोणत्या घरात उरली आहे, ते आपल्याने लिहावे. अशा मजकुराला येथल्या शहरफेरीचे रिक्षाभाडे आणि आठ-दहा दिवसांची रजा एवढाच खर्च येईल, आणि तो येथल्या कोणत्याही दैनिकाला झेपण्यासारखा आहे. मित्राला मी हेच सांगितले. अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही. कराचीच्या एका वार्ताहराला मात्र पत्र धाडले आहे.