आधी तयारी, मग प्रयोग

गेल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर चुन्याची निवळी होती. मोठ्याचा शाळेचा प्रयोग: नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते. ती मीच रात्री करून ठेवली, आणि तीही पाण्याच्या पेल्यात! दिसायला उकळून गार केलेल्या पाण्यासारखीच. सकाळी धाकटीने पेला तोंडाला लावायच्या आत मोठा ओरडला म्हणून बरं.

चूक माझीच. पण मुलांना सगळं आयतं करून द्यायचं आणि त्यांनी फक्त फुंकायचं, हे मला आता पटत नाही. तयारी त्यांनीच करावी, आपण शेजारी उभं राहावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, त्याच्याकडून. बरणी आधी उजेडात धरून बघितली, आत मुंगी-किडा नाही ना. वर ठळक अक्षरात नाव. चुना चमच्याने घ्यायचा. चुन्याचं बोट डोळ्याला लागलं तर डोळा भाजतो. (कळीचा चुना तर मुलांच्या हाती नकोच, पाणी पडताच तो उसळतो.) नळीत फुंकायचं, ओढायचं नाही, हे साध्या पाण्यात चार वेळा करून घेतलं.

पाठशाळेत पाच समिती पाठ केल्यात त्याने. आदान-निक्षेपण, म्हणजे वस्तू बघून उचलणं, बघून ठेवणं.

"आई, ते मुनींसाठी असतं ना?"

"आपल्या ओट्यावरही चालतं," मी म्हटलं.

उरलेली निवळी तो कुंडीत ओतायला निघाला होता. कुंडीपाशी मुंग्यांची रांग दिसली, तसा स्वतःच थांबला.