टर्बो बसवण्याआधी
आखातात नोकरी करणाऱ्या एखाद्या मुलाला आपल्या टोयोटा ८६ गाडीला टर्बो बसवावासा वाटतो. हौस वाईट नाही, पण हिशेब पाहा. इंजिनाच्या धुरावर फिरणारा टर्बो आत जादा हवा कोंबतो. ताकद वाढते, तशी उष्णताही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच १२.५ ला १, म्हणजे चढं. इंधनाचं ट्यूनिंग चुकलं तर नॉकिंग होऊन पिस्टन फुटू शकतो. इंटरकूलर, क्लच, ब्रेक यांचा खर्च वेगळाच. विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. मुलाला सांगा: बेटा, ज्या गाडीने रोज कामावर जातोस, तिच्यावर घराची रोजी आहे. टर्बो हवाच, तर कामाला जायला दुसरी साधी गाडी आधी घे.