सहज आले

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरला आत्याला फोन केला. म्हटलं, ‘‘आत्या, या वेळी सव्वीस जानेवारी सोमवारी आहे. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस तुझ्याकडे येते.’’ पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम घाबरा आवाज, ‘‘का गं, काय झालं? सगळं ठीक आहे ना?’’

‘‘काही झालेलं नाही. सहज येतेय.’’

‘‘सहज?’’ असं म्हणून तिने फोन वहिनीकडे दिला. वहिनीनेही पहिला प्रश्न तोच विचारला.

तो प्रश्न दिवसभर मनात राहिला. रात्री मी माझ्या इंदूरच्या फेऱ्या आठवत बसले. २०११ मध्ये आतेभावाच्या मुलीचं लग्न. २०१६ मध्ये आत्याचं खुब्याचं ऑपरेशन. २०१९ मध्ये बाबांच्या अस्थी घेऊन. त्या नर्मदेतच सोडायच्या, असा तिचा आग्रह होता. आणि २०२१ मध्ये आतोबा गेले तेव्हा, तेही तेराव्याला. पंधरा वर्षांत चार फेऱ्या आणि चारही कारणाने. लग्नात आत्या पाहुण्यांची, दवाखान्यात डॉक्टरांची आणि तेराव्याला रडणाऱ्यांची असते. या चारही वेळी मी तिच्या घरी राहिले, जेवले आणि तिच्याशी धड अर्धा तास न बोलता परत आले. ज्या घरातलं माणूस फक्त बातमी घेऊन येतं, त्याचा फोन आला की छातीत धस्स होणारच. आत्या आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर जाणं हेच उत्तर होतं.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि जोडून सुट्टी असली की लगेच भरतं. वेटिंगचा आकडा पाहून मी बसचं तिकीट काढलं. तसाही रेल्वेचा रस्ता लांबचाच. पुण्याहून निघालेली गाडी कल्याण, वसई, सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन असा गुजरातचा वळसा घेऊन इंदूरला पोहोचते. मनमाडवरून थेट इंदूरला रूळ टाकायचे, ही गोष्ट बाबा माझ्या लहानपणापासून सांगत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. बाबांना ते कळलं असतं तर त्यांनी आधी बहिणीला फोन लावला असता.

बसचा रस्ता मात्र सरळ उत्तरेचा. अहिल्यानगर, मनमाड, मालेगाव, धुळे, मग सेंधव्याचा घाट आणि पहाटे खलघाटला नर्मदा. रात्री अहिल्यानगरची पाटी मागे गेली तेव्हा वाटलं, याच जिल्ह्यातल्या चौंडीची मुलगी होळकरांची सून होऊन याच दिशेने माळव्यात गेली होती. खलघाटापासून नर्मदेच्या काठाने थोडं वर गेलं की महेश्वर. तिथून अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. आमच्यासारखी हजारो घरं होळकरांच्या मागोमाग त्या मुलखात गेली. कुणी शिलेदार, कुणी कारकून, कुणी भिक्षुक. माझे आजोबा होळकर संस्थानच्या दप्तरात कारकून होते. बाबा १९३८ सालचे. इंदूरच्या रामबागेतल्या एकाच घरात राहून त्यांनी आणि आत्याने तीन राज्यं पाहिली: आधी होळकर संस्थान, १९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ पासून मध्य प्रदेश. घर तेच, ओटा तोच, पत्त्याची शेवटची ओळ तेवढी बदलत गेली. १९६१ मध्ये बाबा नोकरीसाठी पुण्याला आले आणि आत्या गावातल्या गावात दिली गेली.

एबी रोडवर उतरले तेव्हा सकाळची बोचरी थंडी होती. आतेभाऊ घ्यायला आला होता. घराच्या फाटकाशी आत्या शाल पांघरून उभी. मी वाकून नमस्कार केला तर तिने हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे नीट पाहिले, रडल्याची काही खूण दिसते का ते तपासलं आणि म्हणाली, ‘‘ये बबी. आधी हातपाय धुऊन घे. पाणी गरम होऊन गेलंय.’’

बबी. या नावाने मला हाक मारणारं आता एवढं एकच माणूस उरलंय.

आणि ते ‘होऊन गेलंय’. इंदूरच्या मराठीत क्रियापदं अशी जोडीने चालतात. ‘दिवा लावून दे’, ‘जेवून घे’, ‘तो येऊन गेला असेल’, ‘थंडी वाजून राहिली का?’ हिंदीच्या शेजारी दोनशे वर्षं राहिल्यावर भाषा अशी सैल, प्रेमळ होते. बाबा अठ्ठावन्न वर्षं पुण्यात राहिले, पण अखेरपर्यंत ‘मी नहाऊन घेतो’ असंच म्हणायचे. वाड्यातली मुलं त्यावरून हसायची आणि लहानपणी मलाही त्याची लाज वाटायची. ती लाज मला आज टोचते. बाबांचा आवाज माझ्या फोनमध्ये दोन-तीन ठिकाणी साठवलेला आहे. पण त्यांची वाक्यं, त्यांची चाल, वाक्याच्या शेवटी हलकेच वर जाणारा सूर, हे सगळं जिवंत बोलताना ऐकायचं तर इंदूरला आत्याच्या स्वयंपाकघरातच बसावं लागतं. शनिवारी मी तिथे पाटावर तीन तास बसून होते.

आत्याने गराडू आणून ठेवला होता. कोनफळाच्या कुळातला हा कंद माळव्यात थंडीतच मिळतो. बाहेरून मातकट, केसाळ, वेडावाकडा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आत्याने दोन्ही तळव्यांना तेल चोळलं आणि विळीवर बसली. ऑपरेशननंतर तिला खाली बसायची परवानगी नाही, म्हणून विळी ओट्यावर आणि ती उंच स्टुलावर. साल निघाली की आत पांढरा, चिकट गर. त्याचे सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे करून तिने मिठाच्या पाण्यात टाकले. मग दोनदा तळणं. पहिल्यांदा मंद आचेवर, आतून शिजेपर्यंत. ते काढून निववायचे. ‘‘घाई केली तर आत कच्चा राहून जातो,’’ ती म्हणाली. दुसऱ्यांदा मोठ्या आचेवर, कडा लालसर होईपर्यंत. वर लिंबू आणि घरी कुटलेलं जिरावण. जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग, लवंग. जिरावणाची बाटली तिने उघडली आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘‘दादाला हे वरणभातावर लागायचं.’’

खरं होतं ते. पुण्याच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ती बाटली कायम असायची. दर दिवाळीला भाऊबीजेच्या आधी आत्याचं पार्सल यायचं, त्यात शेव आणि जिरावण. बाबा गेल्यावरही दोन वर्षं ते येत राहिलं. मग थांबलं. का थांबलं, हे मी कधी विचारलं नाही. वहिनीने त्या दिवशी हळूच सांगितलं, की आत्या दरवर्षी पुडी बांधते, पण कुणाच्या नावाने पाठवायची म्हणून तशीच ठेवून देते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आत्याने मला तिच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. कपाटातून स्टीलचा डबा काढला, त्यातून जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा काढला आणि तो उलगडून माझ्यापुढे धरला. आत आजीची चांदीची कुंकवाची कोयरी. काळवंडलेली, झाकणाची बिजागरी एका बाजूने निघालेली, आत कडेला अजून कुंकवाचा लाल वण. ‘‘ही खरं तर दादाच्या घरी जायची,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडे राहून गेली. तू यासाठीच आलीस ना? घेऊन जा. मला काही वाईट वाटणार नाही.’’

कालपासून ती मी विषय काढायची वाट पाहत होती. गराडू तळताना, रात्री अंथरुणं घालताना, सकाळी पोह्यांवर शेव पेरताना तिच्या मनात हेच होतं, की ही आता सांगेल, आता मागेल. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला आपल्या भाचीचं येणं कशाच्या तरी बदल्यातच समजू शकलं, आणि ते मीच तिला पंधरा वर्षांत शिकवलं होतं.

मी कोयरी परत त्या तुकड्यात गुंडाळली. तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘‘आत्या, मी खरंच सहज आले गं. तुला बघायला.’’ ती काही बोलली नाही. डबा कपाटात ठेवला, चावी कमरेला खोचली आणि पलंगावर भिंतीकडे सरकून माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघी आडव्या झालो. मग ती बोलायला लागली. बाबांनी दहाव्या वर्षी शाळेतून पळून होळकर संघाची क्रिकेट मॅच कशी पाहिली, आजोबांना ते कसं कळलं, आणि मार बसू नये म्हणून हिने काय खोटं सांगितलं. १९८४ मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा ते ऐकून आतोबा कसे सुन्न बसून राहिले होते. खाली दगडाचे तीन मजले आणि वर लाकडाचे चार, त्यातल्या त्या लाकडी सज्जांचं तिचं वर्णन मी डोळे मिटून ऐकलं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सांजावलं तरी दिवा कुणी लावला नाही.

संध्याकाळी तीच म्हणाली, ‘‘चल, सराफ्यात जाऊ.’’ आतेभावाने थंडीचं कारण सांगून पाहिलं, पण ती ऐकेना. सराफा बाजार दिवसा सोन्या-चांदीचा. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच दुकानांपुढे खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. आत्याने एका बंद पेढीच्या पायरीवर बसून भुट्ट्याचा कीस खाल्ला, दोनच चमचे, आणि बाकीचा माझ्या द्रोणात लोटला. मी लहान असताना बाबा असंच करायचे.

आपल्या पिढीला सुट्टी मिळते ती अशी तुकड्यातुकड्याने. आमच्या लहानपणी मे महिना लागला की महिनाभरासाठी ट्रंका निघत. इतक्या दिवसांत भांडणं व्हायची, मिटायची, आणि माणसं एकमेकांना पुरेशी कळायची. आता तीन दिवस जोडून आले की आधी रिसॉर्ट शोधले जातात. थकलेल्या माणसांना विश्रांती हवी, हे मला मान्य आहे. तरी मला मनापासून वाटतं, की वर्षातल्या अशा सुट्ट्यांपैकी एक तरी, कुणाचं लग्न नसताना, कुणी आजारी नसताना, एखाद्या आत्याच्या, मावशीच्या, थकलेल्या काकांच्या घरी घालवावी. त्यांच्याकडे पाहण्यासारखं काही नसतं, हे खरं नाही. त्यांच्याकडे आपलीच अर्धी गोष्ट असते, आणि ती फोनवर सांगता येत नाही. ती दुपारी आडवं पडल्यावर, दार लोटल्यावर, दोन दिवसांनी आपोआप निघते. शिवाय तिलाही मुदत असते.

सोमवारी सकाळी सोसायटीत झेंडावंदन होतं. आत्या काठी टेकत खाली आली आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत काठी बाजूला धरून ताठ उभी राहिली. मुलांना शेव आणि नुक्ती वाटली. आपण जिला बुंदी म्हणतो ती तिथे नुक्ती. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, ‘‘पाहुण्या का आल्यात? काही विशेष?’’ मी उत्तर देणार तेवढ्यात आत्याच म्हणाली, ‘‘काही नाही. भाची आहे माझी. सहज आली.’’ हे सांगताना तिचा आवाज इतका मोठा होता की पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

निघताना तिने पिशवीत जिरावणाची पुडी ठेवली. पुडीवर तिच्या थरथरत्या अक्षरात नाव होतं: बबी. मग माझी मूठ उघडून तिने त्यात दहा रुपयांचं नाणं ठेवलं. ‘‘खलघाट आला की नर्मदामैयाला माझ्याकडून टाकून दे. माझं आता जाणं होत नाही.’’

रात्री पूल आला तेव्हा मी जागी होते. बस वातानुकूलित, खिडकीची काच पक्की बसवलेली. चालकाला थांबवायला सांगण्यासारखी ती जागा नव्हती. काचेला कपाळ लावून मी खाली पाहिलं; काळोखात पाण्याचा पट्टा तेवढा दिसला, आणि पूल संपला.

नाणं पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. तीन एप्रिलला गुड फ्रायडे आहे, शुक्रवार. या वेळी साठावा दिवस धरून मी सकाळी आठला आरक्षण केलं आणि मुद्दाम स्लीपरचा डबा घेतला, बाजूची खालची जागा. रेल्वे नर्मदा ओलांडते ती भरूचला, रात्री. त्या डब्याची खिडकी उघडते.

तिकीट निघाल्यावर आत्याला फोन केला. ‘‘एप्रिलमध्ये येतेय,’’ म्हटलं. ती म्हणाली, ‘‘येऊन जा. तोवर गराडू संपून जाईल, पण कैऱ्या आलेल्या असतील.’’

काय झालं, असं तिने विचारलं नाही.